टाळूवरचा व्रण बघताना

बांबोळीला आमच्या दंत महाविद्यालयात ओरल पॅथॉलॉजीत (तोंडाच्या आजारांचं निदान करणारा विभाग) किंवा सर्जरीत नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना मी आधी तोंडातला टाळू नीट बघायला सांगते. गोव्यात धुमटीचं, म्हणजे हाताने वळलेल्या विडीचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायका अजून भेटतात, त्यामुळे टाळूवर व्रण दिसला की मनात कॅन्सर येतो. यायलाच हवा. पण तोंडात 600 ते 1000 छोट्या लाळग्रंथी असतात, त्यांतल्या बऱ्याच टाळूत. त्यांचा रक्तपुरवठा तुटला की तो भाग मरतो आणि खोल व्रण पडतो. हा नेक्रोटायझिंग सियालोमेटाप्लेसिया. 1973 मध्ये वर्णन झालेला हा आजार क्वचितच दिसतो. तो हुबेहूब कॅन्सरसारखा वाटतो, पण बहुधा 6 ते 10 आठवड्यांत आपोआप भरून येतो.

म्हणून बोलतं करा. आधी सूज होती का? दातासाठी टाळूत इंजेक्शन घेतलं होतं? कवळी रुतते? वारंवार उलट्या होतात? सत्तरी तालुक्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "दोतोर, मासाचो कुडको सुटून पडलो, कॅन्सर न्हय मूं?" तुकडा गळून पडल्याची ही तक्रार ऐकली की या आजाराचा विचार करायचाच.

तरी बायोप्सी टाळू नका. ती वरवरची नको. कडेपासून, ग्रंथीचा भाग येईल इतकी खोल घ्या. स्लाइडवर लोब्यूलचा (ग्रंथीच्या छोट्या कप्प्याचा) मूळ आराखडा शाबूत असतो, नळ्यांमध्ये स्क्वेमस (चपट्या) पेशी भरलेल्या, पण त्यांची केंद्रकं साधी, कॅन्सरसारखी नाहीत. फॉर्मवर नुसतं 'टाळू, व्रण' लिहिलंत तर पॅथॉलॉजिस्टला काय कळणार? व्रण कधी, कसा झाला, सगळं लिहा. याच ठिकाणी चुकीच्या निदानापायी माणसाचा टाळू कापला जाऊ शकतो.

लाळग्रंथींच्या बाकीच्या गाठींचं थोडक्यात. वरच्या ओठातली सरकती गाठ कॅनालिक्युलर अॅडिनोमा (लाळग्रंथीची साधी गाठ) असू शकते. जबड्याखाली दगडासारखी घट्ट ग्रंथी लागली तर क्युटनर ट्यूमर (ग्रंथीची जुनाट सूज, कॅन्सर नव्हे) आठवा, रक्तातलं आयजीजी4 हे प्रतिपिंड तपासा. कानाखालच्या गाठीवर ओपीडीत चीर मुळीच देऊ नका: सोनोग्राफी, एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी), खोल असेल तर एमआरआय. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, म्हणजे लाळग्रंथीची नेहमी दिसणारी साधी गाठ, नुसता कोरून काढला तर परत येतो. फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) सांभाळून, भोवतालच्या ग्रंथीसकट काढावा लागतो.

सियालोमेटाप्लेसिया ठरला की गुळण्या, वेदनाशामक आणि दर भेटीला मोजपट्टी ठेवून फोटो. 12 आठवड्यांत भरला नाही तर पुन्हा बायोप्सी. सत्तरीहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस मोडतो, म्हणून पुढची तारीख त्यांना विचारूनच द्या आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबर केसपेपरवर लिहून ठेवा.