मळ्यावरचा उन्हाळा: कुत्र्यांना सांभाळून शेतकामं कशी उरकावीत

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्याकडे शेतीचं नवं साल सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, नव्याने ठरतो, शेणखत वावरात पडतं, नांगरट संपवायची घाई असते. आणि नेमकं तेव्हाच जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. माणूस डोक्याला उपरणं बांधतो, बैल छपरात बांधतो. कुत्र्याचं मात्र कुणी ठरवत नाही, ते आपल्या मागे येत राहतं. धनी उन्हात उभा आहे तोवर ते सावलीला जात नाही. म्हणून उन्हाळ्यात कामाचं वेळापत्रक त्याच्या अंगाला झेपेल असं आपणच लावायचं.

1. उन्हाची कामं नऊच्या आत

पहाटे पाचला उठून धारा, शेण आणि चारापाणी उरकावं. नांगरट, बांधबंदिस्ती, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) वेचणं ही उघड्यावरची कामं नऊ-साडेनऊपर्यंत थांबवावीत. उरलेली संध्याकाळी पाचनंतर. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. हवाच तापलेली असली की धापेचाही पुरेसा उपयोग होत नाही.

ट्रॅक्टर चालू असताना कुत्रं बांधून ठेवा. नांगरामागे ढेकळांतून उंदीर निघतात, ते पाहिल्यावर कुत्र्याला ऊनही दिसत नाही आणि फाळही दिसत नाही.

चालवत नेण्याआधी हाताची पालथी बाजू जमिनीला टेकवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. डांबरी रस्ता, खळ्यातला कोबा आणि मोकळं काळं रान दुपारी सारखंच पोळतं.

2. पाण्याची जागा पक्की करा

वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. ॲल्युमिनियमच्या ताटलीत दुपारपर्यंत चहासारखं गरम पाणी उरतं. त्यापेक्षा मातीची रुंद कुंडी लिंबाखाली अर्धी जमिनीत पुरावी. पाणी गार राहतं आणि कुंडी कलंडत नाही.

ठिबक असेल तर तासाला चार लिटरचा एक ड्रिपर कुंडीत सोडा. लाईट आली, मोटर सुरू झाली की कुंडी आपोआप भरते. पण ही नळी खताच्या टाकीच्या आधी, मुख्य लाईनवरून काढायची आणि तिला छोटा कॉक बसवायचा. खत सोडलेल्या लाईनचं पाणी कुंडीत येता कामा नये. विरघळवलेल्या युरियाची बादलीही उघडी ठेवू नये. गाय-बैल ते पाणी प्यायले तर जिवावर बेततं. नळ्या साफ करायला ॲसिड सोडाल त्या दिवशी कुत्री घरापाशीच बांधा.

तुमच्याकडे नळ्या कुरतडलेल्या सापडतात का? त्यातला बराच खोडसाळपणा तहानेचा असतो. केळीच्या बुंध्याशी ओल्या मातीत कुत्री खड्डा करून बसतात, तेही गारव्यासाठी. हाकलून उपयोग होत नाही. आम्ही आंब्याखाली हातभर खोल खड्डा खणला, त्यात वाळू टाकली आणि सकाळी दोन बादल्या पाणी मारायला लागलो. चार दिवसांत केळीतलं उकरणं बरंच कमी झालं.

3. सावली सरकते, साखळी सरकत नाही

सकाळी लिंबाची सावली पश्चिमेला असते, दुपारनंतर पूर्वेला. आठला सावलीत बांधलेलं कुत्रं दोनला भर उन्हात असतं. शक्यतो दुपारी मोकळंच सोडा. आपली जागा ते स्वतः शोधतं. बांधणं भागच असेल तर दोनदा जागा बदला. पत्र्याच्या शेडमध्ये बांधू नका. तेवढीच जागा असेल तर पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा केळीचा वाळला पाला जाड अंथरा आणि एक बाजू वाऱ्याला मोकळी ठेवा. मोकळी कुत्री ट्रॉलीखाली झोपतात, तेव्हा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी वाकून पाहायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

4. ऊन लागलं तर

दोन वर्षांपूर्वी आमच्या मोत्याला हे झालं. नांगरामागे तो सकाळपासून उंदरांच्या मागे होता, आणि आम्ही कामाच्या नादात अकरा वाजवले. बांधाशी आला तेव्हा मागचे पाय लटपटत होते. जीभ लांब, रुंद, गडद लाल झालेली. तोंडातून लाळेची जाड तार लोंबत होती. हाक मारली तर नजर माझ्यावर ठरेना. मी ओलं बारदान आणून त्याच्या अंगावर टाकलं. शेजारच्या मळ्यातले आबा धावत आले आणि आधी ते बारदान ओढून काढलं. "अंगातली वाफ कोंडतेय, पाणी ओत," म्हणाले.

तेच बरोबर आहे. सावलीत आणा आणि लगेच विहिरीचं पाणी अंगावर ओतत राहा: पोट, जांघा, काखा, पंजे. सोबत वारा घाला. टोपलीने घाला, पंख्याने घाला. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, पण तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश असतं आणि 41 च्या वर जिवाला धोका. साडेएकोणचाळीसवर उतरलं की पाणी थांबवा. मग बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण आतल्या मूत्रपिंडा-यकृताची इजा एक-दोन दिवसांनी उघड होते. मोत्या वाचला. चार दिवस सलाईनवर होता.

5. खाणं आणि गोचीड

भाकरी पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्यावी, ताक घालून कुस्करलेली. दुपारचं उरलंसुरलं आंबतं, ते देऊ नका. कांदा-लसणाचा रस्साही नको. आखाजीला आमरस होतो तेव्हा कोयी उकिरड्यावर उघड्या टाकू नका. कुत्रं कोय गिळतं आणि ती आतड्यात अडकते.

गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि मानेखाली रोज चाचपावा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटाने चिरडू नका. मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून फटी लिंपून चुना मारणं औषधाइतकंच महत्त्वाचं. औषध डॉक्टरांना विचारूनच लावा. कपाशीवरचं फवारणीचं औषध किंवा रॉकेल कुत्र्याला लावलेलं मी पाहिलंय. त्याने गोचीड नाही, कुत्रंच दगावतं. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी डॉक्टर सांगतील तशी.

6. रात्रपाळीची लाईट

लाईट रात्री असली की मोटर चालू करायला विहिरीवर जावं लागतं आणि कुत्री पुढे धावतात. उकाड्याने साप बाहेर पडलेले असतात, म्हणून बॅटरीचा झोत आपल्या पायांइतकाच कुत्र्याच्या पुढ्यात टाका. ते एका जागी थबकून गुरगुरलं तर पुढचं पाऊल टाकू नका. घोणस चावलेल्या कुत्र्याला चालवत आणायचं नाही. उचलून आणायचं, जखम चिरायची-चोखायची नाही, आणि तडक दवाखाना गाठायचा. जवळचा जनावरांचा कोणता डॉक्टर रात्री फोन उचलतो, हे आजच विचारून नंबर मोटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवा.