ल्युटेशियम उपचाराची तारीख ठरण्याआधी करावयाची तयारी

न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमरसाठी (संप्रेरके स्रवू शकणाऱ्या पेशींच्या गाठींसाठी) दिले जाणारे ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे किरणोत्सारी औषध साठवून ठेवून सोयीच्या दिवशी वापरता येत नाही. ल्युटेशियम-१७७चा अर्धायुकाल सुमारे ६.६ दिवसांचा असल्याने त्याची साधारण एक दशांश किरणोत्सारी क्रियाशीलता दर दिवशी आपोआप घटते, तयार औषध जेमतेम ७२ तास वापरण्याजोगे राहते आणि ते ठरावीक दिवसासाठीच मागवलेले असते. त्यामुळे त्या दिवशी सकाळी पोटॅशियम वाढलेले निघाले, शीर मिळाली नाही किंवा ऑक्ट्रिओटाइडसारखे महिन्याचे इंजेक्शन गेल्याच आठवड्यात घेतल्याचे उघड झाले, तर केवळ तारीखच नव्हे, तर औषधही वाया जाऊ शकते. म्हणून पुढील तयारीचा हेतू एकच धरला आहे: उपचार पुढे ढकलण्याची जी कारणे आधी सापडू शकतात, ती औषध निघण्यापूर्वीच शोधून काढणे.

सर्वप्रथम, हा उपचार आपल्या गाठींना लागू पडतो याचा लेखी पुरावा फाइलमध्ये असावा. औषधातील डोटाटेट या पेप्टाइडला (प्रथिनासारख्या छोट्या रेणूला) गाठीच्या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर (सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक जिथे चिकटते ती जागा), त्यातही मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा, सापडला तरच ते तिथे चिकटते व पेशीच्या आत जाते. रिसेप्टर नसेल तर किरणोत्सार बहुतांशी लघवीवाटे निघून जातो आणि मूत्रपिंडांना फुकट मात्रा मिळते. त्यामुळे हेच रिसेप्टर दाखवणाऱ्या गॅलियम-६८ डोटाटेट, डोटाटॉक किंवा तत्सम पेट स्कॅनच्या अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले पुरेसे नाही. गाठींमधील शोषण यकृतातील शोषणापेक्षा जास्त आहे की कमी, आणि सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी एकही मोठी गाठ या स्कॅनमध्ये निस्तेज राहिलेली नाही ना, हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारून घ्यावेत. दुसऱ्या प्रश्नाकडे माझ्या मते अनेकदा दुर्लक्ष होते. बायॉप्सीतील केआय-६७चे (पेशी किती वेगाने विभागत आहेत हे दाखवणाऱ्या खुणेचे) प्रमाण जास्त असेल किंवा गाठी वेगाने वाढत असतील, तर एफडीजी (साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ) वापरून केलेला पेट स्कॅनही जोडीला मागितला जातो, कारण जिथे एफडीजी तेजस्वी आणि डोटाटेट निस्तेज दिसते ती गाठ या उपचाराच्या आवाक्याबाहेर राहण्याची शक्यता असते. अहवाल वाचताना प्लीहा, मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, पियुषिका ग्रंथी आणि स्वादुपिंडाच्या शीर्षाचा एक भाग ही स्थाने रोग नसतानाही उजळ दिसतात हे माहीत असले, तर विनाकारण रात्रीची झोप उडत नाही.

यानंतर दिनदर्शिका घेऊन बसावे, कारण तयारीतला सर्वांत नाजूक हिशेब ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड या लक्षणे आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांच्या इंजेक्शनांचा आहे. ही औषधे त्याच रिसेप्टरवर जाऊन बसत असल्याने दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन उपचाराच्या किमान चार आठवडे आधी आणि त्वचेखाली घ्यायचे अल्पकाळ टिकणारे ऑक्ट्रिओटाइड किमान २४ तास आधी थांबवण्याचा प्रघात आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की उपचाराची तारीख मासिक इंजेक्शनच्या चक्राला जुळवून मागावी आणि पुढचे इंजेक्शन उपचारानंतर ४ ते २४ तासांच्या दरम्यान घेता येईल अशी सोय करावी. या मधल्या काळात जुलाब किंवा चेहरा लाल होऊन तापण्याचे झटके पुन्हा वाढू शकतात. ते सोसत बसण्याऐवजी अल्पकाळ टिकणारे औषध कधीपर्यंत आणि किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इंजेक्शन स्वतःच्या निर्णयाने मात्र कधीही बंद करू नये.

रक्ततपासण्या उपचाराच्या आदल्या दिवशी नव्हे, तर औषधाची मागणी नोंदवण्यापूर्वी हातात असाव्यात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ या याच उपचाराच्या रुग्णांवरील अभ्यासात हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा, पांढऱ्या पेशी २,०००पेक्षा किंवा प्लेटलेट ७५,०००पेक्षा कमी असलेल्यांना तसेच क्रिएटिनिन १.७ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असलेल्यांना घेतले नव्हते. प्रत्येक केंद्राच्या मर्यादा थोड्याफार वेगळ्या असतात, पण आपले आकडे या रेषांच्या जवळ आले असतील तर ते आधी कळवणेच शहाणपणाचे. क्रोमोग्रॅनिन-ए (या गाठींचा माग काढण्यासाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन) तपासायचे असेल, तर आम्लपित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांमुळे ते खोटेच वाढलेले दिसते, तेव्हा त्या गोळ्या चालू आहेत हे सांगून ठेवावे. लघवीची हायड्रॉक्सी-इंडोल-अॅसेटिक आम्लाची (सेरोटोनिन या संप्रेरकापासून बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी सांगितली असेल, तर तिचे आहाराचे पथ्य प्रयोगशाळेकडून आगाऊ मागून घ्यावे. आजाराचे स्वरूप कार्सिनॉइड सिंड्रोमचे (गाठींच्या स्रावांमुळे जुलाब व चेहरा लाल होण्याचे झटके येणे) असल्यास हृदयाची टूडी-इको तपासणी अलीकडची असावी. उजव्या बाजूच्या झडपा खराब झालेल्या असतील तर पुढे येणारी सलाईन त्या हृदयाला जड जाऊ शकते.

सलाईनचा हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण उपचाराच्या दिवसाचा बहुतेक वेळ किरणोत्सारी औषधात नव्हे, तर त्यातच जातो. गाळले गेलेले पेप्टाइड मूत्रपिंडाच्या नलिका पुन्हा शोषून घेतात आणि किरणोत्सार तिथेच अडकून राहतो. लायसिन व आर्जिनिन ही अमिनो आम्ले त्या शोषणाला आडवी येतात. प्रचलित पद्धतीत प्रत्येकी सुमारे २५ ग्रॅम, दीड ते सव्वादोन लिटर द्रावातून, ल्युटेशियमच्या अर्धा तास आधीपासून सुरू करून ल्युटेशियम संपल्यानंतरही किमान तीन तास दिली जातात, तर ७.४ गिगाबेक्वेरेलची (किरणोत्सार मोजण्याचे एकक) ल्युटेशियमची मात्रा साधारण अर्ध्या तासात जाते. म्हणून दोन्ही हातांच्या शिरा वापरण्यायोग्य आहेत का हे आधी पाहून घ्यावे आणि केमोथेरपीमुळे शिरा कडक झाल्या असतील तर तसे सांगावे. मळमळ व उलट्या बहुतांशी अमिनो आम्लांमुळे होतात, विशेषतः अनेक अमिनो आम्लांचे तयार मिश्रण वापरले तर. त्यामुळे उलटीविरोधी औषध सलाईनच्या आधीच घेतले जाईल याची खात्री करावी. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा वारंवार घेतल्यास रिसेप्टर कमी होऊ शकतात, तेव्हा दमा किंवा सांधेदुखीसाठी ती चालू असतील तर लपवू नये. लायसिन व आर्जिनिनमुळे रक्तातील पोटॅशियम तात्पुरते वाढते. पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा पूरक औषधे चालू असल्यास त्यांची नावे यादीत ठळकपणे लिहावीत.

गाठी संप्रेरक स्रवणाऱ्या असतील, तर औषध मिळाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ती संप्रेरके एकदम रक्तात येऊन रक्तदाब ढासळणे, दम लागणे किंवा तीव्र जुलाब होणे असा प्रसंग क्वचित उद्भवतो. इन्सुलिनोमाच्या (इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीच्या) रुग्णाने रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र सोबत ठेवावे. अशा वेळी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि जवळचे कोणते रुग्णालय रात्री उघडे असते, हे घरातील किमान दोन व्यक्तींना ठाऊक असावे.

घरची तयारी तुलनेने सोपी आहे. ल्युटेशियमच्या बीटा किरणांची पोहोच ऊतींमध्ये जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास असते, पण त्याचबरोबर निघणारे थोडे गॅमा किरण शरीराबाहेर येतात आणि उरलेले औषध लघवीत उतरते. म्हणून काही दिवस बसून लघवी करावी, दोनदा पाणी सोडावे, हात नीट धुवावेत आणि शक्य असल्यास वेगळे स्वच्छतागृह वापरावे. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून किती दिवस व किती अंतर राखायचे, हे केंद्राकडून कागदावर घ्यावे. शेजाऱ्यांच्या ऐकीव सल्ल्यावर घरातली माणसे दूर धाडू नयेत. लघवीवर ताबा नसेल, कॅथेटर असेल किंवा स्टोमाची (पोटावर शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी असेल, तर ते तारीख घेतानाच सांगावे, कारण त्या कचऱ्याची वेगळी व्यवस्था लागते. प्रवास होणार असेल तर उपचाराचे पत्र जवळ बाळगावे. विमानतळावरील किरणोत्सार ओळखणारी यंत्रे अतिशय संवेदनशील असतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांची गर्भधारणा चाचणी आधी होते, आणि शेवटच्या मात्रेनंतर स्त्रियांनी सात महिने व पुरुषांनी चार महिने गर्भनिरोधक वापरावे असे सांगितले जाते. स्तनपान उपचारकाळात आणि शेवटच्या मात्रेनंतर अडीच महिने बंद ठेवावे लागते. पुढे मूल हवे असल्यास त्याविषयीचे बोलणे पहिल्या मात्रेपूर्वीच उरकावे.

ल्युटेशियमच्या त्याच गॅमा किरणांमुळे उपचारानंतर चित्र काढता येते आणि औषध खरोखर गाठींत पोहोचले का ते कळते. हे चित्र केव्हा घेणार हे विचारून परतीचा प्रवास त्यानुसार ठरवावा. पुढच्या मात्रेपर्यंतच्या रक्ततपासण्यांच्या तारखा आजच लिहून ठेवाव्यात. एकूण चार मात्रा आठ आठ आठवड्यांच्या अंतराने देण्याची पद्धत आहे, मात्र प्लेटलेट किंवा मूत्रपिंडाचे आकडे सावरले नाहीत तर हे अंतर सोळा आठवड्यांपर्यंत वाढवता येते आणि नंतरची मात्रा अर्धी करता येते. अस्थिमज्जेचा गंभीर, रक्तकर्करोगाकडे झुकणारा विकार काही थोड्या रुग्णांमध्ये वर्षांनंतरही आढळला आहे, त्यामुळे चौथी मात्रा झाल्यावरही रक्ततपासणी किती महिन्यांनी आणि कोणाकडे करायची, हे शेवटच्या भेटीतच ठरवून घ्यावे.