स्क्विडचे नियम: आधी कोण, मग कुठे

प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे ऑफिसातल्या लोकांच्या इंटरनेट विनंत्या ज्यातून जातात तो मधला सर्व्हर, सांभाळायचं काम नव्याने अंगावर आलं की पहिली मागणी जवळपास ठरलेली असते: ‘या साइट बंद करा.’ नवा माणूसही लगेच यादी करायला बसतो. माझ्या हाताखाली कोणी शिकायला आलं की मी त्याला ती यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि कॉन्फिग फाइलमध्ये एकच गोष्ट शोधायला लावतो. हा प्रॉक्सी वापरायची परवानगी नक्की कोणाला आहे, हे कुठल्या ओळीत लिहिलंय? साइटची यादी अपुरी राहिली तर फार तर कोणीतरी कामाच्या वेळात व्हिडिओ पाहील. पण परवानगीची ओळ सैल राहिली आणि स्क्विडचा नेहमीचा ३१२८ पोर्ट बाहेरून दिसत असला, तर कोणीही अनोळखी माणूस तुमच्या आयपी पत्त्याआडून हवं ते करेल आणि तक्रारी तुमच्याकडे येतील.

स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये दोन प्रकारच्या ओळींची नीट फोड करून घ्या. ‘एसीएल’ने (अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट) सुरू होणारी ओळ फक्त ओळख ठरवते: हे आमचं नेटवर्क, ही दुपारची वेळ, हे डोमेन. तिने काहीच अडत नाही की सुटत नाही. निर्णय होतो तो ‘एचटीटीपी_अ‍ॅक्सेस’च्या ओळीत. एका एसीएलमध्ये पाच पत्ते दिले तर त्यातला कुठलाही एक जुळला तरी चालतो. पण एचटीटीपी_अ‍ॅक्सेसच्या एकाच ओळीत दोन एसीएल लिहिले तर दोन्ही जुळावे लागतात. ‘अलाउ लेखाविभाग भांडार’ असं लिहून दोन्ही विभागांना परवानगी दिली असं वाटतं. प्रत्यक्षात एकच मशीन एकाच वेळी दोन्ही नेटवर्कमध्ये नसतं, म्हणून ती ओळ कधीच लागू होत नाही. दोन विभाग, तर दोन ओळी.

मग येतो क्रम. स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिली जुळलेली ओळ पकडून तिथेच थांबतो. ‘आमच्या नेटवर्कला अलाउ’ वर आणि ‘सट्ट्याच्या साइट डिनाय’ खाली असेल, तर खालची ओळ आपल्या लोकांसाठी नसल्यासारखीच. यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे एकही ओळ जुळली नाही तर काय होतं ती. स्क्विड तेव्हा शेवटच्या ओळीच्या उलट वागतो. शेवटची ओळ ‘या साइट डिनाय’ असेल, तर बाकीच्या सगळ्यांना सगळं मोकळं! म्हणून शेवटी ‘डिनाय ऑल’ लागतेच. मुलाखत घेताना मी हाच प्रश्न विचारतो: तीन ओळी लिहून देतो, एक विनंती सांगतो, आणि उमेदवार ती वरून खाली नेतो की नाही ते पाहतो. कुठल्या एसीएलचं नाव काय हे पाठ नसलं तरी बिघडत नाही.

मूळ फाइलमध्ये सुरुवातीलाच ‘सेफ_पोर्ट्स’ आणि ‘एसएसएल_पोर्ट्स’च्या, म्हणजे ठरावीक पोर्ट सोडून बाकीचे अडवणाऱ्या, दोन डिनाय ओळी असतात. त्यांना हात लावू नका, आणि आपले अलाउ त्यांच्या खाली लिहा. ‘कनेक्ट’ ही पद्धत म्हणजे प्रॉक्सीमधून सरळ आरपार काढलेला बोगदा. तो एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टपुरता बांधला नाही, तर कोणी मेलच्या २५ पोर्टकडे वळवून तुमच्या सर्व्हरमार्फत स्पॅम मेल पाठवू शकतो.

आता ती साइटची यादी. डोमेनसाठी ‘डीएसटीडोमेन’ वापरा आणि नावाच्या आधी टिंब द्या. टिंब दिलं की मूळ डोमेन आणि त्याखालची सगळी उपडोमेन येतात. त्याच यादीत उपडोमेन वेगळं लिहिलंत तर स्क्विड तक्रार करतो. नवख्यांना मोह होतो तो ‘यूआरएल_रेजेक्स’चा, म्हणजे पूर्ण पत्त्यात अक्षरांचा नमुना शोधण्याचा. सट्टा अडवायचा म्हणून नुसतं ‘बेट’ लिहिलं, की ‘अल्फाबेट’ही अडतं आणि डायबेटिसची माहितीही. शिवाय एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीला दिसतं ते फक्त होस्टचं नाव आणि पोर्ट. पुढचा पत्ता कूटबद्ध असतो. एखाद्या साइटचं एकच पान अडवा असं कोणी सांगितलं, तर साध्या प्रॉक्सीने ते होणार नाही हे तिथल्या तिथे सांगून टाका. रात्रभर रेजेक्स घासून काही निघत नाही.

वेळेच्या एसीएलमध्ये वारांची अक्षरं पाहून घ्या: गुरुवारसाठी ‘एच’, शनिवारसाठी ‘ए’. आणि नियम तपासला जातो तो विनंती येते तेव्हा. जेवणाची सुट्टी संपली म्हणून आधीच सुरू झालेलं डाउनलोड तुटत नाही.

कॅशबद्दल, म्हणजे प्रॉक्सीने साठवून ठेवलेल्या पानांबद्दल, एक गोंधळ नेहमी दिसतो. पान आधीच साठवलेलं असलं तरी स्क्विड परवानगी तपासूनच ते देतो, त्यामुळे कॅशमधून नियमाला पळवाट मिळत नाही. एखादी साइट साठवायची नाही, पण बघू द्यायची, असं हवं असेल तर त्यासाठी ‘कॅश डिनाय’ ही वेगळी ओळ आहे. तिथे एचटीटीपी_अ‍ॅक्सेस लावलात तर साइटच बंद होते.

पासवर्ड विचारायचा असेल तर ‘प्रॉक्सी_ऑथ’ची ओळ नेटवर्क तपासणीच्या खाली ठेवा, म्हणजे बाहेरच्याला लॉगिनची खिडकीसुद्धा दिसत नाही. लॉगमध्ये मग ‘टीसीपी_डिनाइड’ शेजारी ४०७ दिसू लागेल. घाबरू नका, ब्राउझर पहिल्यांदा पासवर्डाशिवाय येतो तेव्हाची ती नोंद असते. नियमाने अडवलेल्या विनंतीपुढे ४०३ असतो.

फाइल बदलली की आधी ‘स्क्विड -के पार्स’, त्यात काही निघालं नाही तर ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’. भर कामाच्या वेळात रीस्टार्ट करू नका, लोकांची चालू कनेक्शनं तुटतात. नियम दोन्ही बाजूंनी तपासायचा: ज्याला परवानगी आहे त्या मशीनवरून, आणि ज्याला नाही त्यावरूनही. दुसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. कुठली ओळ लागली हे कळत नसेल तर ‘डीबग_ऑप्शन्स’मध्ये विभाग २८ ची पातळी ३ करा, प्रत्येक एसीएल जुळला की नाही ते कॅश लॉगमध्ये उतरतं. काम झालं की पातळी लगेच खाली आणा, नाहीतर ती फाइल बघता बघता डिस्क भरून टाकते.

आणि प्रत्येक नियमाच्या वर एक टिप्पणी लिहा: कोणी मागितला, कधी, किती दिवसांसाठी. ‘तात्पुरता’ म्हणून टाकलेला अलाउ काढायची हिंमत नंतर कोणालाच होत नाही, कारण तो कशासाठी होता हे विचारायला माणूसच उरलेला नसतो.