उघडून बसवलेला कार्ब्युरेटर पाण्यावरच ट्यून करा

पावसाळ्यात तारकर्लीला जेटस्की वर काढल्या की माझं कार्ब्युरेटरचं काम सुरू होतं. टू-स्ट्रोक इंजिन, जोडीला दोन मिकुनी कंपनीचे कार्ब्युरेटर. नवा डायफ्राम, नवी निडल, नवी गास्केटं टाकलीत म्हणजे निम्मंच झालं, ट्युनिंग बाकीच.

आधी दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटलने उघडणाऱ्या हवेच्या झडपा) एकाच वेळी उघडतात का ते डोळ्यांनी बघा. मग लो-स्पीडचा स्क्रू (कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारा) हलक्या हाताने बसेपर्यंत आवळा (जोर लावलात तर टोक गेलं!) आणि मॅन्युअलात दिलेले फेरे मागे घ्या. दोन्हीकडे सारखेच. मागे घेतला की पेट्रोल वाढतं.

किनाऱ्यावर इंजिन थंड ठेवायला पाण्याची नळी लावून फक्त सुरू होते का तेवढं बघायचं. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी. उलट केलंत तर पाणी सिलेंडरात.

खरं ट्युनिंग पाण्यात, भाराखाली. आयडलवरून एकदम थ्रॉटल दाबा. दचकून गप्प झाली तर पेट्रोल कमी पडतंय, लो-स्पीड पाव फेरा सोडा. गुरगुरत, धूर ओकत उठली तर पाव फेरा आवळा. हाय-स्पीडच्या स्क्रूला (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) मात्र घाई नको. फुल थ्रॉटलवर थोडं पळवून त्याच वेगात इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लग काढा. कॉफीचा रंग हवा. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, तिथेच थांबा, हाय-स्पीडचा स्क्रू सैल करा. एकदा मी पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष करून "आणखी एक चक्कर" मारली होती. पिस्टनला पडलेल्या भोकात करंगळी जात होती.