अनोळखी घन पदार्थातला बंध कसा ओळखावा

मीठ, साखर आणि क्वार्ट्झचे दाणे शेजारी ठेवले तर तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. आतले बंध मात्र वेगळे आहेत आणि ते ओळखायला वीज, उष्णता आणि हातोडी पुरते. चव घेऊन बघू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आधी विजेची चाचणी. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक आणि एलईडी एकसरीत जोडा. तारांच्या मोकळ्या टोकांना पेन्सिलच्या शिशाचे तुकडे बांधा आणि ते एकमेकांना टेकू देऊ नका. कोरड्या तुकड्याला टोकं लावताच दिवा लागला, तर पदार्थ धातू किंवा ग्रॅफाइट, कारण दोन्हींत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. नाही लागला तर ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २ ग्रॅम पदार्थ ढवळून पुन्हा तपासा. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात आधीच आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, असतात. मिठाच्या द्रावणात काही सेकंदांतच टोकं बाहेर काढा, नाहीतर क्लोरीन सुटू लागतो.

द्रावणात दिवा लागला की पदार्थ आयनिक, म्हणजे आयनांचा बनलेला, असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. सायट्रिक आम्ल घन अवस्थेत रेणूंचंच बनलेलं असतं, पण पाण्यात गेल्यावर आयन देतं. उलट कॅल्शिअम कार्बोनेट आयनिक असूनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

म्हणून उष्णता द्या. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर पदार्थ घ्या, नळीचं तोंड कुणाकडेही न ठेवता मंद ज्योतीवर धरा. साखर लवकर वितळते आणि वितळता वितळताच तपकिरी होऊन विघटित होऊ लागते. सायट्रिक आम्ल १५३ अंश सेल्सिअसला वितळतं. मीठ मात्र ८०१ अंशांपर्यंत दाद देत नाही. अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ते तडतडून उडतं, एवढंच.

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. साखर लवकर वितळते म्हणून सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला) कमजोर, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. वितळताना रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत, शेजारच्या रेणूंमधलं आकर्षण सुटतं. मिठात वेगळे रेणूच नाहीत, त्यामुळे वितळायला आयनांची सगळी रचनाच मोडावी लागते. तुरटी आयनिक असूनही ९२ अंशांच्या आसपास पातळ होते, कारण ती स्वतःच्याच स्फटिकजलात, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्यात, विरघळते.

मग मिठाचा जाडा खडा कापडात गुंडाळून हातोडीने हलकेच ठोका. तुकड्यांच्या बाजू सपाट, काटकोनात दिसतील. एक थर सरकला की समान प्रभार समोरासमोर येतात आणि स्फटिक दुभंगतो. तांब्याची तार मात्र चपटी होते. तिथे थर सरकले तरी इलेक्ट्रॉनांचं बंधन सुटत नाही.

ग्रॅफाइट कागदावर उमटतं तेही थर सरकल्यामुळेच, पण कारण निराळं. थरातले कार्बन अणू ०.१४२ नॅनोमीटरवर घट्ट बांधलेले, तर दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर आणि अगदी क्षीण ओढ. हिऱ्यात तेच अणू चारही दिशांनी जोडलेले असतात, म्हणून सरकायला थरच नाही.

राहिला तो न विरघळणारा, न वितळणारा, वीज न वाहणारा दाणा. तो काचेवर घासा. क्वार्ट्झ काचेवर चरा पाडतं, कॅल्शिअम कार्बोनेट नाही. कॅल्शिअम कार्बोनेटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात.