मृगाआधी माळाच्या बांधावरनं एक चक्कर मारा, होंड्याचं (शेततळ्याचं) नंतर बघू

परवा वळवाचा सडाका झाला, जेमतेम अर्धा तास, आणि सकाळी माळाला जाऊन बघतोय तर बांध दोन ठिकाणी फुटलेला आणि तांबडी माती खालच्या खाचरात वीतभर साचून बसलेली. माती माझी, खाचर शेजाऱ्याचं. तो म्हणतोय, "काका, दरवर्षी अशीच पाठवत जावा." काय बोलणार, चूक माझीच. रताळ्याचे वरंबे मी वरनं खाली ओढून घेतले होते, ट्रॅक्टरवाल्याला लांब फेरे मिळतात म्हणून तो पण खूश, पण मग प्रत्येक सरीचं गटार होतंय ना.

तर यंदा सऱ्या उताराला आडव्याच. नजरेनं लेव्हल कळत नाही, फसायला होतं. सहा-सात फुटी दोन चिवे (बारीक बांबू) वर टोकाला बांधायचे, पाय फाकवून मधे एक आडवी काठी आणि टोकातनं सुतळीला दगड लोंबता सोडायचा. उभं केलं की सुतळी काठीला जिथं लागते तिथं खूण, मग पाय अदलाबदल करून परत त्याच जागी उभं करून दुसरी खूण, दोन्हीच्या बरोबर मधे तिसरी. सुतळी तिसरीवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला. तसं खुंट्या मारत पुढं जायचं, चुन्याची रेघ ओढायची आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं ह्याच्या बाहेर फाळ घालू नको बाबा.

अथणी, रायबाग बाजूला पाऊस कमी, तिथं एकदम लेव्हल चालते, पाणी जागेवर मुरतंय. पण खानापूर आणि आमच्या बेळगाव पश्चिम भागात पाणी नुसतं अडवून ठेवलात तर बांधच घेऊन जाईल, म्हणून सरीला एका बाजूला अगदी थोडा ढाळ द्या आणि शेवटी दगड रचून जादा पाणी जायला सांडवा करा. बांधावर वाळा लावा नाहीतर गिरीपुष्पाच्या काठ्या खोवा, गिरीपुष्पाचा पाला भाताच्या चिखलात पण घालता येतो.

आता होंडा. कर्नाटक सरकारची कृषी भाग्य योजना 2014-15 ला सुरू झाली, होंड्याला सर्वसाधारणला 80 टक्के, एससी एसटीला 90 टक्के सबसिडी, पण यंदा किती कोटा आहे ते रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या ऑफिसात) विचारूनच जेसीबी बोलवा. आणि हिशोब समजून घ्या. 10 बाय 10 मीटर, 3 मीटर खोल म्हटलं की लोक 3 लाख लिटर धरतात, पण बाजू 1:1 उताराच्या ठेवल्या तर तळ 4 बाय 4 चा राहतोय आणि पाणी दीड लाखाच्या थोडं वर, बस्स. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण लाख लिटर, तेव्हा पाण्याला तोटा नाही, साठवायलाच जागा कमी. तांबड्या मुरमात प्लास्टिक घातल्याशिवाय टिकत नाही, बैलहोंगलच्या काळ्या मातीत बरंच टिकतं. पाणी आत येतं तिथं आधी एक छोटा खड्डा मारा, नाहीतर दोन पावसाळ्यात होंडा गाळानं भरला म्हणून समजा. आणि कुंपण, बारकी पोरं असतात हो, ते विसरू नका.

कागद आत्ताच बघा. पहाणी (म्हणजे आपला सातबारा), आधार, पासबुक आणि फ्रूट्स आयडी, म्हणजे सरकारी नोंदीतला शेतकऱ्याचा नंबर, एफआयडी. त्या एफआयडीला सगळे सर्वे नंबर, हिस्से जोडलेत का ते स्वतः डोळ्यांनी बघा. माझा एक हिस्सा जोडायचा राहिला होता, फाईल दोन महिने तशीच पडून, कुणी सांगितलं पण नाही. फॉर्म कन्नडात असतात, वाचायला जमत नसेल तर कॉलेजातलं पोर संगं घ्या. बांधबंदिस्तीसाठी पंचायतीत पण विचारा, तिथं रोजगाराच्या कामात बसतंय का बघा.

आणि सांडव्याचं पाणी कुठं सोडणार ते खालच्या माणसाला आधी विचारा, नंतर भांडण नको. मी उद्या जाणार आहे, जमलं तर माझी दोन ट्रॉली माती पण परत आणतो.