रास्पबेरी पायवर फ्लास्क नाहीतर जँगो चालवताय? मग या चुका टाळा

फ्लास्क आणि जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेब ॲप बनवायची फ्रेमवर्क. लॅपटॉपवर मस्त पळणारं त्यातलं ॲप रास्पबेरी पाय (थोडक्यात पाय) या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर टाकलं की रडायला लागतं आणि मग आपण काय करतो, तर कोड उघडून बसतो. माझं म्हणणं उलटं आहे, कोड सगळ्यात शेवटी बघा. कोड तोच असतो हो, बदललेलं असतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं, म्हणजे पॉवर, मेमरी, एसडी कार्ड, घड्याळ, आणि प्रोसेस कोणत्या युजरने कोणत्या फोल्डरमधून सुरू केलीय ते. दहातले आठ प्रॉब्लेम तिथेच सापडतात.

पिपशी मारामारी

रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म व्हर्जनपासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पायथॉनवर सरळ पिप (पायथॉनची पॅकेज टाकणारं टूल) इन्स्टॉल मारलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून एरर येतो. त्यावर उपाय म्हणून ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा ऑप्शन लावा असं कोणीतरी सांगतंच, पण नावातच लिहिलंय ना काय होणार आहे ते! सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, पिप चालवणं पण तसलंच. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पायथॉनची वेगळी जागा) करा आणि त्यातच सगळं टाका, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त एक मेख लक्षात ठेवा, एप्टने, म्हणजे ओएसच्या पॅकेज मॅनेजरने, टाकलेल्या लायब्ररी त्या एन्व्हायर्नमेंटच्या आतून दिसत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याची पिकॅमेरा २ वगैरे लागणार असेल तर एन्व्हायर्नमेंट बनवतानाच सिस्टम-साइट-पॅकेजेस हा ऑप्शन द्यायचा.

दुसरं म्हणजे पिप एकाच ओळीवर तासभर अडकून बसतो आणि शेवटी नुसतं 'किल्ड' लिहून मोकळा होतो. याचा अर्थ त्या पॅकेजचं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली फाइल) तुमच्या बोर्डसाठी मिळालेलं नाही, पिप ते सोर्समधून कंपाइल करत होता आणि मेमरी संपली. ३२ बिट ओएसवर पायव्हील्स या पायसाठीच्या साइटवरून बरीचशी तयार व्हील मिळतात, ६४ बिटवर पायपीआय या पायथॉनच्या नेहमीच्या पॅकेज साइटवरूनच येतात. नसेल मिळत तर किंचित जुनं व्हर्जन टाकून बघा, नाहीतर नमपाय, पिलो असली जड मंडळी एप्टनेच घ्या. तात्पुरता स्वॅप (मेमरी म्हणून वापरलेली कार्डवरची जागा) वाढवून कंपाइल करता येतं, पण ५१२ एमबीच्या पाय झिरो बोर्डावर त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो, माझ्या मते तो खटाटोप नकोच.

पायवर उघडतं, मोबाइलवर उघडत नाही

फ्लास्क आणि जँगो दोघांचाही डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे त्या बोर्डाच्या बाहेरचं कोणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. होस्ट ०.०.०.० द्या, म्हणजे तो बोर्डाच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. जँगोत त्यानंतर ४०० बॅड रिक्वेस्ट आली तर अलाउड होस्ट्सच्या यादीत पायचा आयपी किंवा नाव टाकलेलं नाहीये. काल चालत होतं आणि आज नाही असं असेल तर राउटरने आयपी बदललेला असणार, तेव्हा राउटरमध्येच त्या बोर्डसाठी पत्ता राखून ठेवा किंवा होस्टनेमपुढे डॉट लोकल लावून उघडा. डीएचसीपीसीडी या जुन्या नेटवर्क प्रोग्रामची कॉन्फिग फाइल बदला असं सांगणारे जुने लेख बुकवर्मवर काही कामाचे नाहीत, तिथे नेटवर्क मॅनेजर आलाय, जुन्या फाइलला कोणी विचारत नाही आणि एररही येत नाही त्यामुळे माणूस नुसता फाइल एडिट करत बसतो.

डीबग चालू ठेवून निवांत झोपणं

फ्लास्क सुरू करताना लाल अक्षरात वॉर्निंग देतो की हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, प्रॉडक्शनला वापरू नका. ती वाचून सगळे पुढे जातात. वेगाचा मुद्दा एक वेळ सोडून देऊ, पण डीबग (चुका शोधायचा मोड) ऑन असताना एरर आला की ब्राउजरमध्ये जे पान दिसतं त्यात चक्क पायथॉन कन्सोल असतो, पिनच्या मागे असतो हे खरं, तरी नेटवर्कवर उघड्या ठेवलेल्या बोर्डावर असलं काही ठेवायचं नसतं.

आणि पायवर याचा अजून एक वेगळाच त्रास आहे जो लॅपटॉपवर कधी कळत नाही. डीबगमधला रीलोडर (फाइल बदलली की ॲप पुन्हा सुरू करणारा भाग) तुमचं ॲप बहुतेक वेळा दोनदा लोड करतो, एक प्रोसेस फाइलींवर लक्ष ठेवणारी आणि दुसरी खरी. आता फाइलच्या वरच तुम्ही जीपीआयओ पिन (सेन्सर, दिवे जोडायच्या बोर्डावरच्या पिना) किंवा कॅमेरा उघडत असाल तर पहिली प्रोसेस तो धरून बसते आणि दुसरीला 'बिझी' मिळतं, मग लोक वायरिंग तपासतात, सेन्सर बदलतात, काय काय करतात. रीलोडर बंद करून बघा आधी. पाय ५ वर तर आरपीआय डॉट जीपीआयओ ही जुनी लायब्ररी चालतच नाही कारण तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्यात, जीपीआयओझिरो वापरा, खाली एलजीपीआयओ लागते.

गनिकॉर्न लावला, वर्कर नऊ

गनिकॉर्न हा डेव्हलपमेंट सर्व्हरऐवजी वापरायचा पायथॉन सर्व्हर, आणि रिक्वेस्ट हाताळणारी त्याची प्रत्येक प्रोसेस म्हणजे वर्कर. कोअरच्या दुप्पट अधिक एक, हे त्याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, चार कोअर म्हणून नऊ वर्कर. ते सर्व्हरसाठी ठीक. पाय झिरो २ डब्ल्यूमध्ये कोअर चार आहेत पण मेमरी ५१२ एमबी, आणि प्रत्येक वर्कर म्हणजे तुमच्या जँगोची जवळपास अख्खी वेगळी कॉपी. मग लॉगमध्ये येतं की वर्करला सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीने मारायचा सिग्नल) गेला, मेमरी संपली असावी. ती ओळ दिसली की कोड बघायचा नाही, वर्कर कमी करायचे. घरगुती कामाला एक वर्कर आणि दोन-चार थ्रेड भरपूर होतात.

एकच वर्कर ठेवायचं अजून मोठं कारण म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. दिवा चालू आहे की बंद हे तुम्ही एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि वर्कर दोन असले तर प्रत्येकाकडे आपापली कॉपी, पेज रिफ्रेश केलं की कधी चालू दिसतो कधी बंद. ॲपच्या आत शेड्युलर (ठरावीक वेळेला काम चालवणारा) सुरू केला असेल तर तोही प्रत्येक वर्करमध्ये सुरू होतो, म्हणून एकाच वेळचं रीडिंग डेटाबेसमध्ये दोन-तीनदा पडतं. खरं तर सेन्सर वाचायचं काम वेगळ्या स्क्रिप्टला द्यावं आणि वेब ॲपने नुसतं डेटाबेसमधून दाखवावं, त्याने रिक्वेस्टच्या आत सेन्सरची वाट बघत ३० सेकंदांचा वर्कर टाइमआउट खाणंही बंद होतं.

एसएसएच बंद केलं की ॲप पण बंद

एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून बोर्डाच्या टर्मिनलमध्ये शिरून, सुरू केलेलं ॲप त्या टर्मिनलबरोबरच जातं. स्क्रीन, टीमक्स, नोहप हे सगळे तात्पुरते जुगाड, बोर्ड रीस्टार्ट झाला की पुन्हा हातानेच चालू करायचं. सिस्टमडी (बूटपासून प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा लिनक्सचा भाग) साठी सर्व्हिस फाइल लिहा, दहा-बारा ओळींची असते. पण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा नीट सांगतो.

सर्व्हिस तुमचं बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करत नाही आणि तुमच्या फोल्डरमध्ये उभी पण नसते. त्यामुळे एक्झेकस्टार्टमध्ये, म्हणजे काय चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीत, एन्व्हायर्नमेंटच्या आतल्या गनिकॉर्नचा पूर्ण पाथ द्यायचा, वर्किंग डिरेक्टरी द्यायची, सीक्रेट की वगैरे एन्व्हायर्नमेंट फाइलमधून द्यायची. स्टेटसमध्ये जो नंबर दिसतो तो वाचायची सवय लावा, २०३ म्हणजे एक्झेकस्टार्टमधला प्रोग्राम चालवताच आला नाही, बहुतेक वेळा पाथच चुकलेला असतो, २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत जाता आलं नाही, २१७ म्हणजे तो युजरच नाही. हे शेवटचं जुन्या लेखातून कॉपी केलं की हमखास येतं, कारण आधीपासून असलेला 'पाय' नावाचा युजर एप्रिल २०२२ पासून मिळत नाही, तुम्ही इमेज बनवताना जे नाव दिलंत ते तिथे हवं. फाइल बदलल्यावर डेमन-रीलोड करायला विसरलात तर जुनीच फाइल चालत राहते.

रीस्टार्ट ऑलवेज लिहून पण ॲप मेलेलंच राहतं, असं का होतं? तर दहा सेकंदांत पाचदा पडलं की सिस्टमडी नाद सोडतो, आणि दोन प्रयत्नांत मुळात गॅप अगदी सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, म्हणजे क्षणात पाचही प्रयत्न संपले. हा गॅप ठरवणारं रीस्टार्टसेक पाच सेकंद ठेवा. होस्ट म्हणून बोर्डाचा ठरावीक आयपी दिला असेल तर बूटच्या वेळी वायफाय लागलेलं नसतं आणि पत्ताच अस्तित्वात नसतो म्हणून ॲप पडतं, ०.०.०.० ला ही भानगड नाही.

एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल नुसत्या नावाने उघडत असाल तर सर्व्हिसमधून ती दुसरीकडेच शोधली जाते. साध्या युजरला 'डेटाबेस फाइल उघडता येत नाही' असा एरर मिळतो, आणि सर्व्हिस रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवली तर शांतपणे नवी रिकामी फाइल तयार होते आणि तुम्ही म्हणता डेटा उडाला. उडाला नाही, जुन्या फोल्डरमध्ये आहे. पाथ पूर्ण द्या आणि पोर्ट ८० साठी रूट वापरू नका, ॲपच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा.

कार्ड, पॉवर आणि घड्याळ

एसडी कार्ड दर सेकंदाला एक कमिट (डेटाबेसमध्ये पक्कं लिहिणं) असल्या वापरासाठी बनलेलं नाही. रीडिंग मेमरीत साठवून मिनिटाला एकदा लिहा, एसक्यूलाइटला वाल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत लिहायचा मोड) टाका, त्याने 'डेटाबेस लॉक्ड' पण बरंच कमी होतं. डीबग लेव्हलचे लॉग बंद करा. वायर उपटून बोर्ड बंद करणं सोडा, आणि डेटा महत्त्वाचा असेल तर यूएसबी एसएसडी घ्या, पण बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवाच.

ॲप अधूनमधून स्लो होतं, वायफाय तुटतं, कारण सापडत नाही, अशा वेळी व्हीसीजेनकमांड या पायच्या कमांडने गेट थ्रॉटल्ड विचारा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय आणि म्हणून स्पीड उतरवलाय, ०एक्स५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी तसं होऊन गेलं. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल, बहुतेक वेळा हेच निघतं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअरचा सांगितलाय. ८० डिग्रीच्या वर गेला तरी स्पीड उतरतो, बंद डबीत ठेवलाय का बघा.

पाय ५ च्या आधीच्या बोर्डांत घड्याळच नाही. वीज गेली तर बोर्ड आधी सेव्ह केलेल्या जुन्या वेळेपासून सुरू होतो आणि नेट मिळाल्यावर उडी मारून पुढे येतो. त्या मधल्या काळात एचटीटीपीएस कॉल सर्टिफिकेटच्या तारखेवरून फेल होतात, टोकन चुकीच्या वेळेचे निघतात, रीडिंगला कालची तारीख पडते. सर्व्हिस सिस्टमडीच्या टाइम-सिंक टार्गेटनंतर (वेळ जुळल्याचा टप्पा) सुरू करा आणि टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस चालू आहे ना ते बघा, नाहीतर ते टार्गेट खरं सिंक व्हायची वाट न बघताच पूर्ण होतं. जिथे नेटच नाही तिथे आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) मॉड्यूल लावा, पाय ५ ला पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

बाहेरून बघायचंय

राउटरमध्ये पोर्ट ५००० (फ्लास्कचा नेहमीचा पोर्ट) बाहेरच्यांसाठी उघडून मोकळं होऊ नका. वायरगार्डसारखं व्हीपीएन लावा, बोर्ड आणि मोबाइल एकाच नेटवर्कवर असल्यासारखे दिसतात आणि बाहेर ॲपचं काहीच उघडं राहत नाही. पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून उघडत नसेल तर राउटरच्या पानावरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा तुमचा आयपी जुळवून बघा, वेगळे निघाले तर तुम्ही बहुधा नेट कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहात, मग राउटरमध्ये कितीही सेटिंग बदला, पोर्ट उघडणार नाही. तेव्हा टनेलवाली सर्व्हिस किंवा टेलस्केल हे तयार व्हीपीएन बघा, त्यात कनेक्शन बोर्डच बाहेरच्या दिशेने करतो.